अ‍ॅलर्जीने डोळे खाजतात : ओलोपॅटाडिन, किटोटिफेन की आणखी कुठले ड्रॉप्स? अनुभव सांगा

सांजवारा :

नमस्कार मंडळी. गेली तीन वर्षं डोळ्यांच्या अ‍ॅलर्जीने हैराण आहे. आधी फक्त झाडांच्या फुलोऱ्याच्या दिवसांत व्हायचं, दोन-तीन आठवडे त्रास आणि मग आपोआप कमी. आता वर्षभर काही ना काही चालूच असतं, पुस्तकांचं कपाट झाडलं की झालंच. सकाळी उठल्या उठल्या नाकाजवळच्या कोपऱ्यात खाज सुटते, एकदा हात गेला की थांबवतच नाही, चोळताना इतकं बरं वाटतं आणि पाच मिनिटांत डोळे लालभडक, पापण्या जड. परवा तर उजव्या डोळ्याचा पांढरा भाग जेलीसारखा फुगून वर आला, बुबुळ त्यात खड्ड्यात बसल्यासारखं दिसत होतं, आरशात बघून हातपाय गळाले माझे.

आतापर्यंत घातलेले ड्रॉप्स : पहिल्यांदा लाली घालवणारे मिळतात ते नॅफाझोलिनवाले. डोळे दहा मिनिटांत पांढरेशुभ्र पण खाज तशीच, आणि आठवड्याने औषध बंद केलं तर आधीपेक्षा जास्त लाल. मग सोडियम क्रोमोग्लायकेट, दिवसातून चार वेळा, तीन दिवस घातलं, काहीच फरक नाही म्हणून सोडलं. मग ओलोपॅटाडिन ०.१%, ते बरं वाटलं पण खाज आली की घालायचे, नाहीतर नाही. आता बेपोटास्टिन दिलंय, त्याने थोड्या वेळाने तोंडात विचित्र चव येते, हे नॉर्मल आहे का? मावशी म्हणते किटोटिफेनसारखं दुसरं काही नाही. नक्की कुठलं जास्त चांगलं? ज्यांनी दोन-तीन बदलून बघितलेत त्यांनी प्लीज लिहा, मी खरंच कंटाळलेय.

निळीशाई :

किटोटिफेन. सहा वर्षं वापरतोय, सकाळ-संध्याकाळ एकेक थेंब. घातल्यावर पाच-दहा सेकंद चुरचुरतं, मग शांत. ओलोपॅटाडिन पण वापरलंय मधे, ते अजिबात झोंबत नाही हे खरं, पण खाजेच्या बाबतीत मला दोन्ही सारखेच वाटले. तुझी मावशी चुकीची नाही, पण "दुसरं काही नाही" असंही नाही गं.

दीपमाळ :

@सांजवारा, मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, डॉक्टर नाही, त्यामुळे हे घाला ते घाला असं सांगणार नाही. पण तुमची यादी वाचून राहवलं नाही म्हणून सविस्तर लिहितेय. तुम्ही ज्या औषधांची तुलना करताय ती एका कामाची नाहीतच, आणि जे औषध खरं तर तुम्हाला लागू पडत होतं ते तुम्ही लागू पडेल अशा पद्धतीने घातलंच नाही.

आधी खाज कुठून येते ते बघा. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर आणि पापणीच्या आतून एक पातळ आवरण असतं, त्यात मास्ट सेल नावाच्या पेशी असतात, हिस्टामिनच्या पुड्या भरून बसलेल्या. ज्याला अ‍ॅलर्जी आहे त्याच्या या पेशींवर आयजीई अँटिबॉडी चिकटलेल्या असतात. परागकण, धुळीतले माइट्स, मांजर-कुत्र्याच्या अंगावरचा कोंडा, काहीही येऊन त्या अँटिबॉडीला अडकलं की पुड्या फुटतात आणि हिस्टामिन बाहेर. खाज, लाली, पाणी, सूज हे सगळं त्याचंच, आणि ते काही मिनिटांत होतं. मग काही तासांनी दुसरी लाट येते, तोवर रक्तातून इओसिनोफिलसारख्या पेशी तिथे गोळा झालेल्या असतात, म्हणून सकाळी कपाट झाडलं तरी रात्रीपर्यंत डोळा जड राहतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, डोळा चोळला की नुसत्या त्या दाबानेसुद्धा मास्ट सेल फुटतात. चोळून बरं वाटतं ते क्षणभर, पण तुम्ही स्वतःच्या हाताने आणखी हिस्टामिन सोडत असता.

आता औषधं. नॅफाझोलिन फक्त रक्तवाहिन्या आवळतं. लाली दिसत नाही इतकंच, अ‍ॅलर्जी आत चालूच. काही दिवस सलग घातलं की औषध उतरल्यावर वाहिन्या आधीपेक्षा जास्त फुगतात, तुमचं झालं ते अगदी हेच. ज्यांच्या डोळ्यातलं पाणी बाहेर जायचा कोन अरुंद आहे त्यांना त्याने काचबिंदूचा झटका येऊ शकतो, तो धोका वेगळाच. मला ते औषध अ‍ॅलर्जीसाठी अजिबात पटत नाही, काही बाटल्यांत त्याच्यासोबत अँटिहिस्टामिन असतं तरीही.

क्रोमोग्लायकेट मास्ट सेलला फुटू देत नाही. पण जी पुडी आधीच फुटली तिचं ते काही करू शकत नाही. म्हणून त्याचा गुण यायला काही दिवस लागतात, पूर्ण परिणामाला कधी दोन आठवडेसुद्धा. तीन दिवसांत सोडलंत म्हणजे त्याला संधीच मिळाली नाही. फुलोरा सुरू व्हायच्या आधीपासून घालायचं ते औषध, आणि दिवसातून चार ते सहा वेळा, म्हणून लोक कंटाळतात. त्याची गोष्ट मला फार आवडते, रॉजर अल्टोन्यान नावाच्या डॉक्टरने ते १९६० च्या दशकात दम्यासाठी शोधलं, त्यांना स्वतःला दमा होता आणि ते मुद्दाम अ‍ॅलर्जनचा वास घेऊन, स्वतःचा श्वास कोंडवून एकेक रसायन स्वतःवरच तपासायचे. डोळ्यांना ते नंतर आलं.

मग येतात ती दोन्ही कामं करणारी, हिस्टामिनला अडवणारी आणि मास्ट सेललाही थोपवणारी : ओलोपॅटाडिन, किटोटिफेन, अ‍ॅझेलास्टिन, एपिनास्टिन, बेपोटास्टिन, अल्काफ्टाडिन. साध्या अ‍ॅलर्जीत आज पहिल्यांदा हीच देतात, कारण काही मिनिटांत आराम आणि रोज घातली तर पुढचा बंदोबस्तही होतो. ओलोपॅटाडिन ०.१% दिवसातून दोनदा, ०.२% आणि ०.७% एकदाच. किटोटिफेन ०.०२५% दोनदा. अ‍ॅझेलास्टिन ०.०५%, एपिनास्टिन ०.०५%, बेपोटास्टिन १.५% हे सगळे दोनदा. अल्काफ्टाडिन ०.२५% एकदा.

निळीशाई म्हणतात ती चुरचुर खरी आहे. किटोटिफेनचं द्रावण किंचित आम्लधर्मी असतं, ओलोपॅटाडिन ०.१% चा पीएच साधारण ७, म्हणजे अश्रूंच्या जवळ. आणि तुमची ती चव, हो, नॉर्मल. डोळ्यातून नाकात जायची एक नळी असते, औषध तिच्यातून घशात उतरतं. बेपोटास्टिनमध्ये चाचण्यांतल्या साधारण चारातल्या एकाला ही चव जाणवली होती, अ‍ॅझेलास्टिनची तर कडू लागते. थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने एक-दोन मिनिटं हलका दाबून धरा, चव बरीच कमी होईल आणि औषधही डोळ्यातच राहील.

खिडकी :

दीपमाळताई, इतकं छान लिहिलंत, पण मूळ प्रश्न राहिला ना, या सहांमध्ये एक नंबर कोण? जाहिरातीत प्रत्येक जण आपलंच पुढे दाखवतो.

दीपमाळ :

@खिडकी, त्याचं सरळ उत्तर आहे, फरक लहान आहे. या औषधांची परीक्षा बहुतेक वेळा अशी घेतात : माणसाच्या डोळ्यात औषध घालायचं, ठरावीक तासांनी त्याला ज्याची अ‍ॅलर्जी आहे तोच पदार्थ मुद्दाम डोळ्यात टाकायचा, आणि तिसऱ्या, पाचव्या, सातव्या मिनिटाला खाज किती ते ० ते ४ मध्ये विचारायचं. नुसत्या पाण्यासारख्या ड्रॉप्सपेक्षा पूर्ण एका अंकाचा फरक पडला तर तो माणसाला खरोखर जाणवतो असं धरतात. ही सगळी औषधं त्या परीक्षेत पास झालेली आहेत. पण त्यांना एकमेकांसमोर उभं केलं की अंतर एका अंकाच्या बरंच खाली येतं. अल्काफ्टाडिन आणि ओलोपॅटाडिन ०.२% यांच्या तुलनेत पहिलं थोडं पुढे निघालं होतं, तेही मुख्यतः तिसऱ्या मिनिटाला. औषधांच्या चाचण्या एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेचा २०१५ चा आढावा आहे, त्यांचंही म्हणणं असंच की थोड्या काळासाठी हे ड्रॉप्स गुण देतात आणि सुरक्षित आहेत, पण कुठला प्रकार सरस हे ठामपणे सांगण्याइतका पुरावा नाही.

म्हणून माझ्याकडे कोणी विचारलं तर मी उलट विचारते, तुम्हाला दिवसातून एकदा जमेल की दोनदा? झोंबलेलं चालतं का? चव नको आहे का? लेन्स लावता का? औषध निवडायचं ते यावर. आणि एक निवडलं की रोज, खाज असो नसो, त्रासाचा काळ संपेपर्यंत. सांजवारा, तुमचं ओलोपॅटाडिन फेल गेलं नव्हतं, तुम्ही आग लागल्यावर विहीर खणत होता.

पाऊलखूण :

लेन्सबद्दल विचारायचं होतं. मी सॉफ्ट लेन्स वापरते, महिन्याच्या. हल्ली लेन्स काढल्यावर खाज जास्त सुटते, आणि पापणी मिटली की लेन्स वर सरकते. ड्रॉप्स लेन्सवरूनच घातले तर चालतात का?

दीपमाळ :

नाही, लेन्सवरून नको. बऱ्याच ड्रॉप्समध्ये बेन्झाल्कोनियम क्लोराईड नावाचं प्रिझर्व्हेटिव्ह असतं, सॉफ्ट लेन्स ते शोषून घेते आणि दिवसभर डोळ्याला पाजत राहते. आधी थेंब, मग निदान दहा मिनिटं थांबा, मग लेन्स. डोळे लाल असतील त्या दिवशी लेन्सच नको.

पण तुम्ही जे लिहिलंत, लेन्स वर सरकणं आणि काढल्यावर खाज, ते ऐकून मी पापणी उलटी करून तपासून घ्या म्हणेन. लेन्सच्या घर्षणाने आणि तिच्यावर साचलेल्या थराने वरच्या पापणीच्या आतून मोठे मोठे फोड येतात, जायंट पॅपिलरी म्हणतात त्याला. तसं असेल तर ड्रॉप्स किती का बदला, लेन्स काही आठवडे बंद ठेवल्याशिवाय उतरत नाही. नंतर रोज फेकायच्या लेन्सवर गेलात तर परत व्हायची शक्यता कमी.

अनुस्वार :

मी इथे फार लिहीत नाही पण हा धागा वाचून लिहावंच लागतंय. माझा मुलगा सहा वर्षांचा असताना त्याला हा त्रास सुरू झाला. साधा नव्हता, उन्हात डोळेच उघडायचा नाही, शाळेतून येताना माझ्या कुशीत तोंड खुपसून चालायचा, आणि सकाळी डोळ्यातून पांढऱ्या चिकट तारा निघायच्या, कापसाने टिपायला गेलं की दोऱ्यासारख्या लांबत यायच्या. एका ठिकाणी ड्रॉप्स दिले, दोन दिवसांत चमत्कार, मुलगा हसतखेळत बाहेर. "पंधरा दिवस घाला" म्हणाले होते. पण बंद केलं की परत, म्हणून आम्ही तीच बाटली परत आणायचो. परत आणि परत. कोणी अडवलं नाही, बाटलीवर काय लिहिलंय ते मीही वाचलं नाही. असे चौदा महिने गेले. ते स्टिरॉइड होतं, डेक्सामेथासोन.

मग दुसऱ्या डॉक्टरांनी डोळ्याचा दाब मोजला, डावीकडे ३४, उजवीकडे ३१. १० ते २१ नॉर्मल असतो हे मला त्या दिवशी कळलं. त्याला काही दुखत नव्हतं, काही दिसायला कमी झालं असं तो म्हणत नव्हता, मशीनवर हनुवटी ठेवून तो मला हात हलवत होता. तो प्रसंग डोळ्यासमोरून जात नाही माझ्या. डाव्या डोळ्याच्या नसेला थोडी इजा झाली आहे, ती भरून येणार नाही. स्टिरॉइड हळूहळू बंद केलं, दाबाचे ड्रॉप्स, आणि अ‍ॅलर्जीसाठी सायक्लोस्पोरिन ०.१% दिवसातून चार वेळा. पहिले काही आठवडे ते झोंबायचं, रडायचा तो, मी त्याच्याबरोबर रडायचे. पण दीड-दोन महिन्यांत डोळे उघडायला लागला. आता अकरा वर्षांचा आहे, दाब आटोक्यात आहे.

आई-बाबांनो, हात जोडून सांगते, लगेच गुण येणारा ड्रॉप असेल तर आधी नाव वाचा. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लोरोमेथोलोन, लोटेप्रेडनॉल, यातलं काहीही असेल तर डॉक्टरने सांगितलेल्या तारखेला थांबा आणि दाब मोजायला जा. अँटिबायोटिकच्या बाटलीतसुद्धा स्टिरॉइड मिसळलेलं असतं, नावावरून कळत नाही.

निळीशाई :

अनुस्वार, वाचून पोटात कालवलं. लिहिलंत ते फार बरं केलंत. माझ्या कपाटात एक जुनी बाटली आहे, उठून बघितली, मागे "डेक्सा" लिहिलंय. फेकली.

दीपमाळ :

अनुस्वार, मनापासून धन्यवाद, हे पुस्तकातून कोणाला कळत नाही.

तुमच्या मुलाला होतं ते व्हर्नल, डोळ्यांच्या अ‍ॅलर्जीचाच एक तीव्र प्रकार. मुलींपेक्षा मुलांना जास्त, दहा वर्षांच्या आत सुरू होतं, वयात आल्यावर बहुतेकांचं आपोआप ओसरतं. त्या चिकट तारा, उजेड सहन न होणं आणि पापणीच्या आत फरसबंदीसारखे फोड ही त्याची ओळख. यात बुबुळावर जखम होऊ शकते म्हणून ते घरच्या घरी सांभाळायचं दुखणं नव्हे.

स्टिरॉइडबद्दल एक बाजू मांडते, कारण वाचून कोणी अर्ध्यात औषध सोडू नये. व्हर्नल भडकलेलं असताना स्टिरॉइडच डोळा वाचवतं, तेव्हा दुसरं काही इतकं लवकर काम करत नाही. फ्लोरोमेथोलोन आणि लोटेप्रेडनॉल दाब कमी वाढवतात, पण वाढवत नाहीत असं नाही. वाईट आहे ते कोणाच्या देखरेखीशिवाय महिनोन्महिने घालणं, त्याने काचबिंदू, मोतीबिंदू, आणि नागिणीच्या जातीचा हर्पिस व्हायरस डोळ्यात असेल तर तो भडकतो. सायक्लोस्पोरिन आणि टॅक्रोलिमसचं ०.०३% मलम हे स्टिरॉइडवरून उतरायचे जिने आहेत, फक्त त्यांना आठवडे द्यावे लागतात.

शिवाय अशा मुलांचं चोळणं थांबवाच. वर्षानुवर्षं जोराने डोळे चोळणाऱ्यांत बुबुळ पातळ होऊन पुढे शंकूसारखं येण्याचा आजार, केराटोकोनस, जास्त दिसतो. चष्म्याचा तिरपा नंबर भराभर बदलत असेल तर तपासून घ्या.

दुपारऊन :

माझं उलटंच झालं होतं. डोळे लाल बघून घरच्यांनी "डोळे आलेत" ठरवलं, चार दिवस मला वेगळं बसवलं, टॉवेल वेगळा, आणि अँटिबायोटिक ड्रॉप्स. काही फरक नाही, कारण डोळे आलेच नव्हते, अ‍ॅलर्जी होती. आता मला कळतं, खाज मुख्य असेल, दोन्ही डोळे एकदम, पाण्यासारखं पातळ गळतंय, सोबत शिंका, तर अ‍ॅलर्जी. पापण्या पिवळ्या चिपडाने चिकटून बसल्या किंवा एका डोळ्यातून दुसऱ्यात गेलं तर डोळे येणं. आणि दुखत असेल, अंधुक दिसत असेल किंवा उजेडाकडे बघवत नसेल तर अंदाज बांधत बसायचं नाही, सरळ डॉक्टर.

अजून एक, मी अ‍ॅलर्जीची गोळी रोज घ्यायचे, नाकाला बरं वाटायचं पण डोळे वाळूसारखे टोचायला लागले. डॉक्टर म्हणाले गोळीने अश्रू कमी होतात. गोळी कमी करून डोळ्याचे थेंब आणि मधे मधे प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले कृत्रिम अश्रू, यावर आता बरी आहे. कृत्रिम अश्रू फ्रिजमध्ये ठेवते, गार थेंब पडला की निम्मी खाज तिथेच उतरते, आणि परागकणही धुऊन निघतात.

खिडकी :

कोणी थेंब घालायची पद्धत सांगेल का? मी तीन-चार थेंब घालते तेव्हा एक आत जातो.

दीपमाळ :

आत एकच मावतो. पापणीच्या खोबणीत साधारण ३० मायक्रोलिटर जागा, आणि एक थेंबच ३० ते ५० चा असतो. दुसरा थेंब गालावरच जाणार. मान मागे, खालची पापणी चिमटीत धरून किंचित पुढे ओढायची की खिसा होतो, वर छताकडे बघायचं आणि त्या खिशात एक थेंब, थेट बुबुळावर नको, तिथे पडला की डोळा मिटतोच. बाटलीचं टोक पापणीच्या केसांना लागू द्यायचं नाही. फारच जमत नसेल तर आडवं पडून डोळा मिटा, नाकाजवळच्या कोपऱ्यात थेंब ठेवा आणि मग डोळा उघडा, ओघळून आत जातो. लहान मुलांना असंच घालतात. दोन वेगळे ड्रॉप्स असतील तर मधे पाच मिनिटं सोडा, नाहीतर दुसरा पहिल्याला धुऊन टाकतो. बाटली किती दिवस चालते ते लेबलवर बघा, बऱ्याच बाटल्या उघडल्यापासून महिनाभरात टाकायच्या असतात.

सांजवारा :

सगळ्यांना उत्तर द्यायला एकोणीस दिवस लावले, माफ करा, पण मुद्दाम थांबले होते, करून बघून लिहायचं होतं.

डॉक्टरांकडे जाऊन आले. त्यांनी पापणी उलटी करून बघितली, फोड नाहीत, दाब दोन्हीकडे १५. तो जेलीसारखा फुगवटा अ‍ॅलर्जीची सूज होती, जोराने चोळल्यावर येते, गार पट्टीने काही तासांत बसते म्हणाले. चवीचं सांगितल्यावर बेपोटास्टिन थांबवून ओलोपॅटाडिन ०.२% दिलं, रोज सकाळी दात घासून झाले की एक थेंब, मग कोपरा दाबून शंभर आकडे मोजते. पहिले चार दिवस मधे मधे खाज यायची तेव्हा चोळायच्या ऐवजी गार पाण्याची पट्टी. हात वर जायचाच, चेहऱ्यापर्यंत येऊन थांबवायला लागायचा. सहाव्या दिवसापासून सकाळची खाज नाही. कपाट काल झाडलं, ओल्या फडक्याने आणि चष्मा लावून, संध्याकाळी थोडी चुरचुर झाली, बस तेवढंच.

अनुस्वार, तुमच्या मुलाला खूप आशीर्वाद. तुमचं वाचल्यावर भाचीचे ड्रॉप्स बघायला बहिणीला फोन केला, त्यात लोटेप्रेडनॉल निघालं, तीन महिने चालू होतं. गुरुवारी तिला दाब मोजायला घेऊन जातोय.